दरवानाचे कान

माझ्या नवऱ्याला कारखान्यात होयबा म्हणतात. तोंडावर म्हणतात, कारण त्याला ते ऐकू येत नाही. साहेबानं काही विचारलं तरी हो, शेजारच्यानं शिवी हासडली तरी हो, आणि वर एक छानसं हसू. नाव ठेवणाऱ्यांची जीभ झडो, पण नाव चपखल ठेवलंय हे मलाही मान्य करावं लागतं.

तो खिळे बनवायच्या कारखान्यात मशीन चालवतो. एका बाजूनं तारेचं वेटोळं आत जातं, दुसऱ्या बाजूनं खिळे पडतात, आणि मधे जे काही होतं त्याचा आवाज असा की शेजारी उभं राहून बोंब मारली तरी आपली आपल्याला ऐकू येऊ नये. कामाला लागला तेव्हा कानात घालायचे बोळे मिळायचे. पण बाकीचे घालत नाहीत आणि आपण घातले तर बायकी दिसू, म्हणून यानं घातले नाहीत. झालं. कान एकदम गेले नाहीत, हप्त्याहप्त्यानं गेले. आधी पाखरं गेली, मग दाराची बेल, मग बायकांचे आवाज, मग पुरुषांचे. माझा आवाज सगळ्यात शेवटी गेला असं तो म्हणतो. हे कौतुक की टोमणा, ते मी अजून विचारलेलं नाही.

कानाचं यंत्र आणून झालं. ते घालून एक दिवस कामावर गेला आणि तोंड पाडून परत आला. डोक्यात कुणीतरी खिळे ठोकतंय म्हणाला. मग घरी तरी घाल म्हटलं, तर म्हणे लोक बघतात. बहिरा दिसण्यापेक्षा खुळा दिसलेलं त्याला चालतं. यंत्र कपाटात गेलं आणि त्याच्या जागी ते हसू आलं. समोरचा बोलायला लागला की हा त्याच्या तोंडाकडे बघतो, तो हसला की हसतो, तो थांबला की हो हो म्हणतो. बहुतेक वेळा खपून जातं. खपत नाही तेव्हा आमची अब्रू जाते.

आमची लेक दुसऱ्या शहरात एका प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम करते. तिला भेटायला आम्ही गेलो होतो, तेव्हा तिच्या मोठ्या मॅडम मुद्दाम बाहेर येऊन आमच्याशी बोलल्या. बोलता बोलता म्हणाल्या, गेल्या आठवड्यात माझी आई गेली, म्हणून जरा धावपळ चाललीय. माझा नवरा हसला. मान डोलावून म्हणाला, "वा, छान झालं." मॅडमचा चेहरा मी अजून विसरले नाही, आणि लेकीचा तर नाहीच. लिफ्टमधून खाली येईपर्यंत आम्ही तिघं आकड्यांकडे बघत उभे होतो. त्याला काहीतरी चुकलंय एवढं कळलं होतं, काय चुकलं ते कळलं नव्हतं, आणि विचारायची छाती नव्हती.

त्यानंतर लेकीनं त्याला तो खेळ लावून दिला. पोरगी मनानं चांगली आहे, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी तिच्यावर तोंडसुख घेणार आहे. ती म्हणाली, बाबा, इथं कुणाला कान लागत नाहीत, सगळं लिहूनच असतं.

मला वाटलं पत्त्यांसारखं काहीतरी असेल. तसं नव्हतं. चित्र नाही, आवाज नाही, टॅबलेटवर नुसती अक्षरं. एक बंदराचं गाव, खोटं. त्यात माणसं, तीही खोटी, आणि प्रत्येक खोट्या माणसामागे कुठल्यातरी खोलीत एक खरं माणूस चहा थंड करत बसलेलं. माझा नवरा तिथं खानावळीचा दरवान झाला. लेक औषधी मुळ्या विकणारी. तिची प्रयोगशाळेतली मैत्रीण नावाडीण. कुणाला काही अवघड करायचं असलं, म्हणजे कुलूप तोडायचं किंवा भिंत चढायची, तर संगणक वीस बाजूंचा फासा टाकतो. फाशावर जे पडेल त्यात आपल्या अंगच्या गुणाचे आकडे मिळवायचे. बेरीज पुरली तर जमलं, नाहीतर आपटलात.

आणि काय सांगू, माणूस बदललाच. घरात चार शब्दांत दिवस काढणारा हा, तिथं लोकांची फिरकी घ्यायचा. दारू पिऊन आलेल्या खलाशाला दारातच असा काही टोला द्यायचा की समोरची सगळी माणसं हसल्याचं लिहायची. मी खांद्यावरून वाचायची. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. एवढी गंमत पोटात होती तर एवढी वर्षं माझ्या वाटणीला काय आलं?

कुणी कुठल्या गुणावर किती आकडे लावले ते ज्याचं त्याला ठाऊक असतं. लेकीनं विचारलं तेव्हा यानं ठोकून दिलं की दरवानाला काय लागतं, ताकद, सगळे ताकदीवर लावलेत. साफ खोटं. खेळून खेळून कमावलेला आकडा न् आकडा यानं कानांवर लावला होता. मला एकदा दाखवलं. टॅबलेट माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "बघ, गावात माझ्याइतके कान कुणाचेच नाहीत." थट्टा करायला माझी जीभ नेहमी पुढे असते, पण त्या दिवशी मी भाजी निवडत बसले.

त्या खेळात कुजबुजता येतं. दोघांनी आपसात कुजबूज केली की खोलीतल्या बाकीच्यांना फक्त दिसतं, अमकी तमकीच्या कानाशी लागली. शब्द दिसत नाहीत. पण तुम्ही गुपचूप 'कान देतो' असं लिहिलंत तर तुमच्या नावानं फासा पडतो, आणि बेरीज पुरली तर ती कुजबूज फक्त तुमच्या पडद्यावर उमटते, अक्षरन् अक्षर. कुणाला पत्ताही लागत नाही. माझा नवरा दारात उभा राहून गावभरचं ऐकायचा. कोण कुणाच्या गोदामाला आग लावणार, कोण कुणाबरोबर पळणार, सगळं याला आधी ठाऊक. तोंडातून मात्र शब्द काढायचा नाही. घरी ऐकू येत नसताना ऐकू आल्याचं सोंग, आणि तिथं सगळं ऐकू येत असताना काहीच न कळल्याचं. मी हे त्याला बोलून दाखवलं. तो हसला. ऐकू आलं नव्हतं, दुसरं काय.

या खेळणाऱ्यांचे दोन रिवाज आहेत, आणि ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. एक म्हणजे खोट्या माणसाला कळलेलं खऱ्या माणसानं वापरायचं नाही. दरवानाला गुपित कळलं तर ते दरवानाचं, टॅबलेट मिटला की विसरायचं. दुसरा असा की खेळता खेळता खरं काही बोलायचं असलं, दार वाजलं, दूध उतू गेलं, तर ते दुहेरी कंसात लिहायचं. म्हणजे हे मुळ्या विकणारीचं बोलणं नाही, तिच्यामागच्या पोरीचं आहे, हे सगळ्यांना समजतं.

आता लेकीनं काय केलं बघा. खानावळीत ती आणि नावाडीण एका बाकावर, दारात दरवान, तिसरं कुणी नाही. खरं बोलायचं तर फोन होता, भेट होती, दोघी एकाच खोलीत काम करतात. पण बोटं चालू होती, विषय डोक्यात होता, आणि दरवानाचे सगळे आकडे ताकदीवर आहेत असं बापानंच सांगितलेलं. तिनं तिथंच कुजबूज केली, दुहेरी कंसात. आणि दारात उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्यानं सवयीनं 'कान देतो' लिहिलेलं होतं.

लेकीचं लग्न ठरत होतं. तिनंच ठरवलं होतं, मुलगा चांगला होता, आणि त्याचे आईवडील पहिल्यांदाच आमच्या घरी चहाला यायचे होते. त्याबद्दल ती लिहीत होती. काकालाच पुढे बसवणार आहे, ती म्हणत होती, तो बोलघेवडा आहे, निभावून नेईल. बाबांना त्या दिवशी काहीतरी काम निघालं तर किती बरं होईल. मग नावाडणीनं विचारलं, अगं पण बहिरं असण्यात लाजण्यासारखं काय. तेव्हा लेकीनं लिहिलं ते वाक्य नवऱ्यानं मला नंतर पाठ म्हणून दाखवलं.

"बहिरे आहेत त्याची लाज नाही गं वाटत. ऐकू आल्यासारखं हसतात ना, तेव्हा जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटतं."

पुढे मॅडमच्या आईचं सगळं सांगितलं होतं. त्या दिवशी नेमकं काय चुकलं ते त्याला तिथं कळलं, लेकीच्या चोरून ऐकलेल्या कुजबुजीतून.

मला यातलं तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसलं की माणसानं टॅबलेट पालथा घातला आणि जेवायला बसला तेव्हा भाकरी हातात घेऊन नुसताच बसला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, पाहुणे येणार त्या दिवशी मला कामावर जावं लागेल, मशीनचा साचा बदलायचाय. मी फणकारले. अरे, एकुलती एक पोरगी, आणि तुला साचा महत्त्वाचा? नाही नाही ते बोलले. माझं सगळं ओठांवरून वाचत होता बहुतेक, कारण अधूनमधून डोळे मिटायचा. लेकीला फोन करून सांगितलं, तुझा बाप नाही म्हणतोय, तू तरी सांग. तर बाईसाहेब म्हणाल्या, असू दे गं आई, नको आग्रह करू त्यांना. आवाज असा, जसा कुणीतरी डोक्यावरचं ओझं उतरवून घेतलंय. मी तेव्हाच चरकले होते. पण कामाच्या गडबडीत मी ते सोडून दिलं.

इथं थांबला असता तरी ठीक होतं. पण त्याला चटक लागली. नव्हे, चटक कसली, जखमेची खपली काढायची खोड असते तसं. दर संध्याकाळी कामावरून आला की हात धुऊन खानावळीच्या दारात. लेक आणि मैत्रीण बाकावर बसल्या की 'कान देतो'. लेक आणखी काय म्हणते, आपल्याबद्दल एखादा बरा शब्द बोलते का, एवढंच त्याला हवं होतं. दरवानाचे कान बापानं वापरले. रिवाज मोडला हे त्याला कळत होतं, आणि तरी सुटत नव्हतं.

शेवटी एके संध्याकाळी लेकीनं कुजबुजीत लिहिलं, हे तिनंच मला फार नंतर सांगितलं, "बाबांचं आपोआपच मिटलं, त्यांना कामावर जायचंय. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटतेय."

त्याला हवा होता तो बरा शब्द यात होता, नाही असं नाही. पण तो त्याला मिळायचा नव्हता. त्या खेळात एक नियम आहे. फाशावर एकचा आकडा पडला, तर तुमचे कान कितीही तिखट असोत, ऐकणं तर फसतंच, वर तुम्ही पकडले जाता. एवढ्या दिवसांत त्याला एक कधी पडला नव्हता, म्हणून तो नियम विसरला होता. त्या संध्याकाळी पडला. खोलीतल्या सगळ्यांच्या पडद्यावर एकच ओळ आली, दरवान कान देऊन ऐकताना पकडला गेला.

मी तेव्हा शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालत होते. याचं तोंड पांढरंफटक पडलं. मी टॅबलेटमध्ये डोकावले. त्या ओळीखाली आलं, मुळ्या विकणारी उठून निघून गेली. मग नावाडीणही गेली. दरवान एकटाच दारात राहिला.

"पोरीचं चोरून ऐकलं मी," तो म्हणाला. मग सगळं सांगितलं, पहिल्यापासून. कुणाच्या घरात शिरताना हाताला धरून पकडावं तसा बसला होता, स्वतःच्या घरात. मला आधी लेकीचा राग आला, अस्सा की आत्ता बसनं जावं आणि दोन थोबाडीत द्याव्यात. मग याचा आला. मग लक्षात आलं की तिचं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि मग मला कुणावर रागवायचं तेच कळेना. त्या लिफ्टमध्ये मलाही तसंच वाटलं होतं.

लेकीचा फोन दुसऱ्या दिवशी आला, मला. बाबांनी कधीपासून ऐकलंय, एवढंच विचारलं. म्हटलं, सगळं ऐकलंय, मॅडमच्या आईसकट. पलीकडून रडण्याचा आवाज आला. बापाशी बोल म्हटलं तर काय बोलू म्हणाली, आणि खरंच, बोलणार कशी, फोनवर त्याला ऐकू येत नाही, आणि लिहायची जी एक जागा होती तिथं दोघंही फिरकेनात. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी ती घरी आली. बापलेक एकमेकांना वाट देत घरात फिरत होते, मीठ हवं असलं तरी माझ्याकडे मागत होते. माझा नुसता पोस्टमन झाला.

त्या दिवशी सकाळी नवरा कामावर निघाला नाही. दाढी केली, धुतलेला शर्ट घातला. साच्याचं काय झालं म्हटलं, तर बोटानं नाही नाही केलं. यंत्र तरी घाल म्हटलं. कपाटातून काढून बघितलं, पण इतकी वर्षं पडून ते मेलं होतं. मग बाहेरच्या खोलीत, दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसला. लेक त्याच्याकडे बघत नव्हती. तिनं कप पुसलेले पुन्हा पुसले.

पाहुणे आले, मुलगाही बरोबर होता. मुलाचे वडील गप्पिष्ट, आई अगदी हळू बोलणारी, गळ्यातल्या गळ्यात. माझे धाकटे दीर, आमचे भाऊजी, ठरल्याप्रमाणे मधे बसले. ते विम्याच्या पॉलिसी विकतात, त्यामुळे पाच मिनिटांत हवापाण्यावरून माणसाच्या मरणापर्यंत पोचले. सगळं सुरळीत चाललं होतं. नवरा कोपऱ्यात, हात मांडीवर.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात आले आणि तेवढ्यात मुलाची आई नवऱ्याकडे वळून काहीतरी म्हणाली. मलाही ऐकू आलं नाही इतकं हळू. त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं. ती हसून बोलली होती, म्हणून याचे गाल वर चढायला लागले. मला ते हसू येताना दिसलं, आणि लेकीलाही दिसलं. तिनं नजर जमिनीला लावली. भाऊजी सावरून घ्यायला तोंड उघडणार, तोच नवऱ्यानं हात वर करून त्यांना थांबवलं. हसू अर्ध्यावर आलेलं, ते त्यानं परत घेतलं. तोंड वेडंवाकडं झालं त्यात.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. स्वतःचा आवाज कळत नसल्यामुळे फार मोठ्यानं. "बरीच वर्षं झाली. तुम्ही काय विचारलंत ते मला कळलेलं नाही. माझ्याकडे बघून परत सांगा."

बिचारी बाई कानापर्यंत लाल झाली. काही नाही हो, पंखा जरा कमी करता का, एवढंच म्हटलं, असं तिनं परत सांगितलं आणि बोट वर दाखवलं. त्यानं वर बघितलं. उठला, पंखा कमी केला, आणि येऊन पुन्हा खुर्चीवर बसला. एवढंच. जन्मभर जे वाक्य तोंडातून निघालं नव्हतं, ते एका पंख्यासाठी निघालं.

लेकीला हेच तर हवं होतं. पण तिची मान वर होईना. ते वाक्य कुठून आलं ते तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, त्याला ठाऊक होतं.

"बाबा," ती म्हणाली, अगदी हळू. दारातून मला ऐकू आलं, त्याला कुठून येणार? मी ट्रे ठेवला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी ओरडले, पोरगी हाक मारतेय तुला. सगळे आमच्याकडे बघायला लागले. त्यानं खुर्ची वळवली आणि तिच्या ओठांकडे बघत राहिला.

"बोल," तो म्हणाला.

तिथं कुजबुजून भागणार नव्हतं. तिनं पाहुण्यांकडे बघितलं, होणाऱ्या नवऱ्याकडे बघितलं, आणि मग खालच्या मजल्यावर जाईल अशा आवाजात म्हणाली, "मला तुमची लाज वाटत होती, बाबा. आता माझी वाटतेय."

भाऊजींच्या तोंडातलं बिस्कीट तोंडातच राहिलं. नवऱ्यानं मान हलवली. कळलं, असं म्हणाला, आणि मग खाली बघून, तेवढ्याच मोठ्यानं, "मलाही माझी." मुलाचे आईवडील एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते. त्यांना काय झालंय ते कळेना, आणि आमच्यापैकी कुणीच त्यांना सांगितलं नाही. मी कपांत चहा ओतायला घेतला, तर लेकीनं उठून माझ्या हातातली किटली घेतली आणि पहिला कप बापाला दिला.